लूएलाची पलटण

मिलर्स फोर्ड, ओहायो
६ सप्टेंबर १९८८

प्रिय वेंडेल,

तुझी तब्येत, तुझा तो बारमाही पाऊस, तुझं ते आगाऊ मांजर, सगळ्यांची चौकशी शेवटी करेन, जागा उरली तर. आत्ता पेनाने कागदाला भोकं पडताहेत, आणि ती म्हातारपणाने नव्हेत. रागाने.

तुझ्या बहिणीच्या पलटणीची कुणीतरी माती केली आहे.

काल लेबर डेची मिरवणूक होती. ती संपली की सगळं गाव इतिहास मंडळाच्या हॉलमध्ये लिंबू सरबत प्यायला शिरतं. मीही जातो. तू केलेल्या कपाटाशेजारी उभा राहतो, छताकडे बघितल्यासारखं करतो आणि आमच्या शिशाच्या शिपायांबद्दल लोक काय बोलतात ते कान टवकारून ऐकतो. लूएला गेल्यापासून माझी तेवढीच चैन उरली आहे. तर काल बंबखान्याचा प्रमुख डेल सरबताचा पेला घेऊन आला, काचेला नाक लावलं आणि म्हणाला, "वा ऑरिन! या खेपेला बर्फ दाखवलायस. अगदी खरा वाटतो."

मी म्हटलं, "कसला बर्फ?"

चष्मा पुसून पाहिलं तर खरंच, मधल्या फळीवरच्या सगळ्या शिपायांच्या पायांवर पांढरी भुकटी. बुटांवरून गुडघ्यांपर्यंत चढलेली. झेंडेकऱ्याच्या पँटचा निळा रंग फुगून आलेला आणि खालचं शिसं राखेसारखं झालेलं. मी किल्ली लावून दार उघडलं, कॅप्टनला नुसता हात लावला, आणि त्याचा उजवा गाल खपलीसारखा फळीवर पडला. लूएलाने रंगवलेला गाल, वेंडेल! तो गुलाबी ठिपका माझ्या बोटाला चिकटून आला.

वरच्या फळीवरचा मरीन बँड, खालचे वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीचे कॅडेट, घोडदळ, ते सगळे विकतचे आहेत. त्यांनाही थोडं लागलंय, पण त्यांचं काय, पुन्हा मिळतील. मधल्या फळीवरची आपल्या गावची पलटण मात्र कुठल्या दुकानात मिळणार? मी स्वयंपाकघरात शिसं ओतायचो, ती रंगवायची. यादवी युद्धात गावातून गेलेला एकेक माणूस तिने जुन्या फोटोंवरून उभा केला. आणि प्रत्येकाच्या गालावर जुन्या खेळण्यांसारखा गुलाबी ठिपका. मी एकदा म्हटलं होतं, अगं, चिखलात लोळणाऱ्या शिपायांचे गाल कुठले गुलाबी? तर म्हणाली, "यांच्या आयांना हे असेच आठवत असणार."

आता हे कुणी केलं ते ऐक. दार उघडल्याबरोबर आतून भपकारा आला. व्हिनेगरचा. नाकात झोंबेल असा. आणि हॉलची देखभाल कोण करतं? बर्निस हॅडॉक. ती काचा कशाने पुसते? व्हिनेगरच्या पाण्याने. सगळ्या गावाने तिच्या हातात ती बाटली पाहिली आहे. बाईने काचेच्या बाहेरच्या बाजूवर समाधान मानलं नाही, आतही पुसापुशी केली. मी तिला तिथल्या तिथे विचारलं, तर म्हणते कशी, "मी आत फक्त कोरडा ब्रश फिरवते, ऑरिन." चेहऱ्यावरची रेषही हलली नाही!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे. काय करू ते लिही.

तुझा,
ऑरिन

ॲस्टोरिया, ओरेगॉन
१४ सप्टेंबर १९८८

मेव्हण्या,

काय करू म्हणून विचारतोस? तुझ्या जागी मी असतो तर आत्तापर्यंत त्या बाईच्या दारात उभा असतो. व्हिनेगर! शिशाला व्हिनेगर! पूर्वी रंगारी लोक शिशाचे तुकडे व्हिनेगरच्या वाफेवर ठेवूनच पांढरा रंग बनवायचे, हे माझ्या बापालाही ठाऊक होतं. इतिहास मंडळात बसणाऱ्या बाईला एवढं कळू नये?

मी तेव्हाच सांगितलं होतं, घरात ठेव. पण तुला गावाला दाखवायची हौस. बरं, माझ्या कपाटात खोट काढायला तरी कुणाला जागा आहे का? दाणेदार पांढरा ओक, चांगला वाळवलेला, सांधे असे बसवले की पत्त्याचं पान सरकू नये. सगळे स्क्रू पितळी, एकही लोखंडी नाही. एवढं करूनही तू कुरकुरलास की दारातून धूळ जाते, ती बाई दारं उघडी टाकते, म्हणून मी तुला लोकरीची पट्टी पाठवली, दारांच्या कडेने लावायला. आता त्यात धूळ काय, माशीचा सुस्काराही जाणार नाही. आणि तिने त्याच कपाटात बाटली घेऊन हात घातला!

ऑरिन, ते माझ्या हातचं शेवटचं काम आहे. आता माझे हात कसे झालेत ते तुला माहीत आहे, कॉफीचा कप टेबलापर्यंत नेताना निम्मी कॉफी बशीत असते. लूएला गेली त्या हिवाळ्यात हातात जेवढं बळ होतं ते सगळं मी त्या कपाटात घातलं. म्हणून माझाही राग तुझ्याइतकाच आहे, कमी समजू नकोस.

माझ्याकडे तिचा एक शिपाई आहे, आठवतो? तो ढोलकीवाला, तिने नाताळला पाठवलेला. बिचारा मोरीच्या खिडकीत उभा आहे, साबण आणि घासणी यांच्यामध्ये. मांजर आठवड्यातून एकदा त्याला ढकलून भांड्यांत पाडतं. तेलाचे शिंतोडे उडतात. मला नेहमी वाटायचं, बाकीचे राजवाड्यात राहतात आणि या बापड्याच्या नशिबी कपाट नाही. आता तुझं पत्र वाचून त्याच्याकडे पाहतो तर जीव तुटतो.

वर्तमानपत्रात लिही. नाव घेऊन लिही. मंडळाच्या सभेत उभा राहा. गप्प बसलास तर लूएला वर बसून आपल्या दोघांचे कान उपटेल.

तुझा,
वेंडेल

मिलर्स फोर्ड
२८ सप्टेंबर १९८८

प्रिय वेंडेल,

लिहिलं. नाव घेऊन लिहिलं. आपल्या साप्ताहिकाने ते पत्र गिरणीच्या जाहिरातीच्या वर, चौकटीत छापलं. "निष्काळजी हातांत आपला वारसा" असं शीर्षक संपादकाने दिलं. मी दिलेलं शीर्षक याहून कडक होतं.

मंगळवारी मंडळाची सभा झाली. इतकी गर्दी तिथे एरवी फक्त कुणी तरी फुकट मका वाटतो तेव्हा होते. मी कॅप्टनला कापसात गुंडाळून नेलं होतं. टेबलावर ठेवलं. बिनागालाचा कॅप्टन पाहून बायका हळहळल्या.

बर्निस उभी राहिली. म्हणाली, "कपाटाच्या आत मी व्हिनेगर कधी नेलं नाही. आत कोरडा ब्रश, तोही गालांना पावडर लावायचा, नवा आणलेला. यापलीकडे मला काही माहीत नाही."

मी विचारलं, "मग वास कुठून आला?"

तिने पर्समधून हॉलच्या किल्ल्या काढल्या, टेबलावर कॅप्टनच्या शेजारी ठेवल्या आणि कोट उचलून निघून गेली. किती वर्षं हॉल तिच्याकडे होता, पण एकही माणूस तिच्या मागे गेला नाही. रविवारी चर्चच्या जेवणावळीत तिचा सफरचंदाचा केक आला तसा परत गेला, कुणी सुरीसुद्धा लावली नाही. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

शिपाई मी घरी आणले, कपाटासकट. ते उचलायला बंबखान्यातले सगळे गडी लागले आणि तुझ्या नावाने बोटं मोडत होते. आता ते आमच्या बैठकीत आहे, दारं घट्ट लावून, कुलूप घालून. कुणाचा हात लागणार नाही याची मी खात्री केली आहे. पण भुकटी थांबत नाही, वेंडेल. परवा दुसऱ्या रांगेतल्या दोघांना लागली. व्हिनेगर आत मुरलं असावं.

पुढच्या आठवड्यात शिकागोला आम्हा शौकिनांचा मेळा आहे. तिथे गस नावाचा एक जुना व्यापारी येतो. शिशाच्या शिपायांचं त्याला कळत नाही असं काही नाही. एक शिपाई डबीत घालून त्याला दाखवतो.

तुझा,
ऑरिन

मिलर्स फोर्ड
१० ऑक्टोबर १९८८

प्रिय वेंडेल,

शिकागोला जाऊन आलो. मेळा नेहमीसारखाच. हॉटेलच्या सगळ्या खोल्यांची दारं उघडी, पलंगांवर, उशांवर, न्हाणीघराच्या कट्ट्यावरसुद्धा पलटणी मांडलेल्या, आणि आमच्यासारखे म्हातारे मोजे घालून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. एकजण मला निक्षून सांगत होता की चकचकीत रंगाचे शिपाई म्हणजे पोरखेळ, खरे शिपाई मळके रंगवले पाहिजेत. मी त्याच्याशी भांडलो नाही. मला भांडायचा कंटाळा आला होता.

गस भेटला. त्याचं म्हणणं, दमट हवेने असं होतं. तेव्हा आता तो विषय संपला. कुणाचा दोष नाही. कृपा करून पुन्हा काढू नकोस.

तुझे हात कसे आहेत? डॉक्टरला दाखवलेस का? कपाट फार सुंदर आहे, वेंडेल. असं काम मी आजवर पाहिलेलं नाही. हे तुला सांगायचं राहून गेलं होतं म्हणून लिहिलं.

मांजराला माझा नमस्कार.

तुझा,
ऑरिन

ॲस्टोरिया
१९ ऑक्टोबर १९८८

अरे ऑरिन,

दमट हवा?

मी कुठे राहतो ते विसरलास का? इथे सकाळी टेबलावर ठेवलेला बिस्किटाचा पुडा दुपारी चमच्याने खावा लागतो. भिंतींना घाम येतो. आणि माझा ढोलकीवाला या हवेत, मोरीच्या वर, वाफेत, पाण्यात उभा आहे आणि त्याच्या अंगावर भुकटीचा कण नाही! आत्ता उठून पाहून आलो. तेलकट झालाय, मळलाय, पण ठणठणीत आहे. आणि ओहायोच्या कोरड्या हॉलमध्ये बंद कपाटात दमट हवा शिरली म्हणे. तुझा तो गस काय पितो?

खरं सांगू? मला वाटतं तू ढिला पडलास. चर्चमध्ये बाईने डोळ्यांना रुमाल लावला असेल आणि तुझं पाणी पाणी झालं असेल. लूएला नेहमी म्हणायची, ऑरिन ओरडतो मोठ्याने आणि विरघळतो लवकर. तुला भांडायचा कंटाळा आला असेल, मला आलेला नाही. ती तुझी बायको होती, पण त्याआधी माझी बहीण होती.

तेव्हा तुझ्या वतीने मीच त्या बर्निसबाईंना पत्र टाकलं आहे. चांगलं खरमरीत. त्यांच्यासारख्या अडाणी, बेपर्वा बाईच्या हाती किल्ल्या देणाऱ्या गावाचीही मी त्यात पूजा बांधली आहे. माफी मागितली नाही तर वकील गाठेन असंही लिहिलंय. वकील माझ्या ओळखीचा कुणी नाही, पण ते त्यांना काय ठाऊक?

तुझ्यावर रागावलेला,
वेंडेल

मिलर्स फोर्ड
२७ ऑक्टोबर १९८८

श्री. वेंडेल क्रॉस यांस,

तुमचं पत्र पोचलं. मी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, आणि मग दोन दिवस काही लिहिलं नाही. कारण तुमच्याच भाषेत उत्तर द्यावंसं वाटत होतं आणि ती भाषा मला येत नाही असं नाही.

आपली ओळख नाही, बोलणंही कधी झालेलं नाही. तरी मी अडाणी, बेपर्वा आणि "झाडूपलीकडे अक्कल नसलेली" आहे हे तुम्ही अडीच हजार मैलांवरून ओळखलंत. कमाल आहे तुमची!

आता माझं ऐका. त्या पलटणीच्या मागच्या रांगेत, डावीकडून शेवटचा, दाढीवाला, एक खांदा खाली असलेला शिपाई आहे. ते माझे पणजोबा. त्यांचा फोटो मीच लूएलाला दिला. खांद्याला गोळी लागल्यावर ते तसे उभे राहायचे हे मी तिला सांगितलं, आणि तिने ऑरिनना साचा पुन्हा करायला लावला. ती शेवटी अंथरुणावर होती तेव्हा गुरुवारी मी तिच्यापाशी बसायची. माझ्याच पणजोबांवर मी व्हिनेगर ओतीन असं तुम्हाला वाटतं का, श्री. क्रॉस? गावाला वाटलं. सभेत मी उत्तर न देता निघाले, कारण ज्या माणसाच्या घरी मी सूप घेऊन जायची तोच मला चोराला विचारावं तसं विचारत होता.

वासाचं म्हणाल, तर तो वास तुमचं कपाट आलं त्या दिवसापासून त्यात आहे. मला वाटलं नव्या लाकडाचा असेल, जाईल. म्हणून मी हॉल उघडला की कपाटाची दारंही उघडून ठेवायची, संध्याकाळपर्यंत. तोवर शिपायांना काहीही झालं नव्हतं. मग एकदा ऑरिननी ते पाहिलं आणि ओरडले, धूळ जाते. त्यांनी तुम्हाला कळवलं, तुम्ही लोकरीची पट्टी पाठवलीत, त्यांनी ती लावली आणि मला बजावलं की आता दारं उघडायची नाहीत. मी नाही उघडली. भुकटी आली ती त्यानंतर.

मी रसायनशास्त्र शिकलेली नाही. जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं. वकील खुशाल पाठवा. मी त्याला कॉफी देईन, तुम्हाला देणार नाही.

बर्निस हॅडॉक

ॲस्टोरिया
३ नोव्हेंबर १९८८

ऑरिन,

त्या बाईंचं पत्र सोबत जोडलं आहे. वाच. सावकाश वाच, आणि मग पुढचं वाच.

"तो वास तुमचं कपाट आलं त्या दिवसापासून त्यात आहे." हे वाक्य वाचून मी मोरीपाशी उभाच राहिलो. मला तो वास ठाऊक आहे. सगळा जन्म मी तो घेतला. ओकच्या अंगातच तो व्हिनेगरचा आंबटपणा असतो, कापला की वास येतो, रंधा मारला की येतो. मला तो इतका सवयीचा की माझ्या लेखी तो वासच नव्हता.

कपाटाला मी पितळी स्क्रू का लावले, सांग बघू? माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच ओरडून सांगायचो, ओकमध्ये लोखंड ठोकू नका, ओक ते खातो, खिळा काळा पडतो आणि वर्षभरात कुजतो. लोखंड खातो हे मला पाठ होतं! आणि शिशाच्या माणसांना मी त्याच्याच पोटात नेऊन ठेवलं, वर लोकर लावून त्याचा श्वास आतच कोंडला.

तरी माझा विश्वास बसेना. मागच्या खोलीत माझा मासेमारीच्या सामानाचा ओकचा खोका आहे, मी बंदरावर जायचं सोडल्यापासून बंद. त्यात गळाला लावायची शिशाची वजनं होती. उघडला. ऑरिन, सगळी पांढरी. हातात घेतली तर बोटांवर पीठ.

आता तुझ्याकडे वळतो. तुला हे शिकागोत कळलं होतं. होय ना? म्हणून तर एकाएकी "कपाट फार सुंदर आहे." इतक्या वर्षांत तू माझ्या कुठल्या कामाला बरं म्हटलं होतंस? माझ्या बहिणीशी लग्न केलंस तेव्हा मी केलेल्या पाळण्यालाही तू डुगडुगतो म्हणाला होतास!

तू मला काय समजलास? म्हातारा झालो, हात गेले, आता खरं सोसणार नाही, असं? एका बाईचं गावात तोंड काळं झालेलं असताना, तिच्या किल्ल्या गेलेल्या असताना, तू मला जपत बसलास! मला! आणि तुझ्या जपण्यापायी मी त्या बाईंना जे लिहिलं ते आता परत घेता येत नाही. सुतारकामात चूक झाली तर निदान लाकूड बदलता येतं.

मी आयुष्यात तुझ्यावर अनेकदा रागावलो. हा राग वेगळा आहे.

वेंडेल

मिलर्स फोर्ड
११ नोव्हेंबर १९८८

प्रिय वेंडेल,

होय. शिकागोत कळलं.

गसने डबी उघडली, शिपायाकडे नीट पाहिलंही नाही, नुसता वास घेतला आणि म्हणाला, "ओक?" मी म्हटलं, हो, माझ्या मेव्हण्याने केलंय. त्यावर त्याने डबी बंद केली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "असल्या चुका प्रेम करणारेच करतात. दारं आजच्या आज उघडा." मी खाली येऊन गाडीत बसून राहिलो. घरी आल्यावर आधी पट्ट्या उपटल्या, मग सगळ्यांना बाहेर काढून जेवणाच्या टेबलावर मांडलं. आणि मग तुला ते खोटं पत्र लिहिलं.

पण आता जरा मलाही बोलू दे, कारण रागवायचा मक्ता तुझ्या एकट्याकडे नाही. काय लिहायला हवं होतं मी? लूएलाच्या अंत्यविधीला तू एक शब्द बोलला नाहीस. लोक येऊन हात दाबत होते आणि तू माझ्या गॅरेजमध्ये जाऊन फळ्या चाळत होतास. त्या फळ्यांचं कपाट झालं. तुझं रडणं तेच होतं, हे कळायला मला काही शिकावं लागलं नाही. त्या रडण्याने तिचे शिपाई खाल्ले, हे तुला पोस्टाने कळवू? तूच सांग, कुठल्या तोंडाने?

आणि अजून एक कारण होतं, जे मी स्वतःलाही सांगत नव्हतो. खरं सांगितलं असतं तर मला पेपरात छापलेलं सगळं गिळावं लागलं असतं. तुझ्या आडोशाला मी माझीही लाज लपवली. याबद्दल मला शिव्या दे, त्या मी मुकाट्याने घेईन.

बर्निसचं पत्र वाचलं आणि तसाच तिच्या घरी गेलो. तिने दार उघडलं, आत ये म्हणाली नाही. मी पायरीवर उभा राहून सगळं सांगितलं. ओक, लोकर, शिकागो, माझं गप्प बसणं. ती म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं मी काही केलं नाही. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग." तेव्हा या आठवड्याच्या पेपरात माझं दुसरं पत्र आहे, चौकटीत, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या टाइपात. संपादक आतल्या पानावर टाकत होता, मी त्याच्या टेबलावरून हललो नाही. रविवारी चर्चमध्येही उठून बोललो. लोक खाली बघत होते. केक परत पाठवणाऱ्यांत तेही होते ना!

मंडळाने किल्ल्या तिला परत दिल्या. आज माजी सैनिकांच्या दिवसासाठी हॉल उघडायचा होता, म्हणून सकाळी मी मदतीला गेलो. कामापुरतं सोडलं तर ती माझ्याशी अजून बोलत नाही. नुसतं खिडक्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "काचा पुसायच्या आहेत. व्हिनेगरची बाटली तिथे आहे." मी हॉलच्या सगळ्या काचा पुसल्या, वेंडेल. आतून आणि बाहेरून. डेल तिथे सरबत पीत हसत उभा होता.

आता पलटणीचं. पुढची रांग गेली. कॅप्टन गेला. झेंडेकऱ्याचा झेंडा राहिला, माणूस गेला. मागच्या रांगेत काहीजण उभे आहेत. बर्निसच्या पणजोबांची दाढी शाबूत आहे, खांदाही, पण चेहऱ्यावरचा रंग गेला. मी साचे जपून ठेवलेत. शिसं पुन्हा ओतता येईल. पण रंगवणार कोण? माझ्याकडून एक सरळ रेघ येत नाही. गुलाबी ठिपका असलेला एकही चेहरा उरला नाही, आणि मला आता तो गुलाबी नक्की कसा होता तेही आठवेनासं झालं आहे. या गोष्टीचा मला इतका संताप येतो की टेबलावरून उठून बाहेर जातो.

कपाट मी फोडणार नाही. उगाच तसं काही लिहू नकोस. बर्निस म्हणते, चर्चमधले चिनी मातीचे कप ठेवायला चांगलं आहे. कपांचं ते काही वाकडं करू शकत नाही.

तुझा,
ऑरिन

ॲस्टोरिया
२१ नोव्हेंबर १९८८

मेव्हण्या,

बर्निसबाईंची मी वेगळं पत्र लिहून माफी मागितली. त्यांनी उत्तरात एका ओळीत लिहिलंय की पोचलं. एवढंच. मला तेवढं पुरे आहे, माझी लायकी त्याहून जास्त नाही. कपाट कपांसाठी द्यायला माझी हरकत नाही, फक्त त्यांना सांग, दारं उघडी ठेवायची का बंद, हे या वेळी त्यांनीच ठरवायचं.

तुला शिव्या देणार होतो, पण तुझं पत्र वाचून निम्म्या सरल्या. उरलेल्या नाताळला फोनवर देईन.

सोबत लाकडी खोका नाही हे नीट बघ. बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, आत कापूस. डबा उघडायला घाई करू नकोस आणि हातांनी ओढू नकोस, कापूस हळू सोडव.

ढोलकीवाला आहे. त्याच्या अंगावरचं तेल मी मऊ फडक्याने काढलं. माझ्या या हातांनी ते करायला सबंध आठवडा गेला, एक काठी तुटली, ती मांजराने आधीच वाकवली होती. बाकी सगळा तिने पाठवला तसा आहे. मी त्याची कसलीही काळजी घेतली नाही. मोरीवर टाकून ठेवला, वाऱ्यावर, उघड्यावर, आणि म्हणून तो वाचला. ज्यांच्यासाठी मी एवढा राबलो ते गेले. याचा मला भयंकर राग येतो, ऑरिन, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही. निदान मांजरावर तरी काढता येईल म्हणून पाहिलं, तर ते त्याच्या रिकाम्या जागी जाऊन बसलं आहे आणि हलत नाही.

त्याला हॉलमध्ये खिडकीत ठेवा. काच नको, कपाट नको, किल्ली तर मुळीच नको. धूळ बसली तर बर्निसबाई ब्रश फिरवतील.

आणि गुलाबी कसा होता ते आठवत नाही म्हणालास ना? त्याला उजेडात धर आणि गाल बघ.

तुझा,
वेंडेल